उकलता येणारी घरं

प्लास्टिकच्या रंगीत तुकड्यांच्या ढिगात एक नारिंगी वस्तू उठून दिसत होती. बोटाएवढी लांब, एका टोकाला चपटी, दुसरीकडून जरा उचललेली. भिंतीत, जिन्यात, छपरात कुठं बसेल असं तिच्यात काही दिसेना. पुतण्याला विचारलं, "हे रे कुठं लावायचं?" पुस्तिकेतून मान वर न काढता तो म्हणाला, "ते लावायचं नसतं, काका. घट्ट बसलेला तुकडा निघत नसला की त्यानं काढायचा." म्हणजे जोडायला बोटं पुरतात, सोडवायला हत्यार लागतं, आणि ते हत्यार कंपनीनंच पेटीत घालून दिलेलं. इमारत उभी करायच्या सामानात ती उतरवायची सोय आधीच ठेवणारा कोण असेल तो असो, मला त्याचा स्वभाव आवडला. दिवाळीत जळगावजवळच्या असोद्याला, गावी होतो तोवर ते हॉटेल मी बहुतेक त्या हत्याराच्या बाजूनंच पाहिलं.

हॉटेल म्हणजे लेगोचं. 'बुटीक हॉटेल' हे त्याचं नाव, २०२२ च्या जानेवारीत बाजारात आलेलं. तुकडे ३,०६६, माणसं सात, उभं राहिल्यावर उंची साधारण ३३ सेंटिमीटर. एकोणिसावं शतक सरताना युरोपातल्या शहरांत नाक्यानाक्यांवर ज्या देखण्या इमारती उठल्या, तसा त्याचा थाट. खोक्यावर ठळक '१८+' छापलेलं. ते वाचून आमच्या गल्लीत आधी कुजबुज झाली आणि मग मोकळं हसू झालं. असोद्यात अठराव्या वर्षी पोराच्या हाती ट्रॅक्टर येतो, नाहीतर जळगावच्या कॉलेजचा पास. खेळणं हातातून सुटायचं वय ते. पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, तिशी ओलांडलेला. तो स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी खेळणं घेतो हे आईला उमगायला वेळ लागला. किंमत विचारली तेव्हा त्यानं खऱ्याची चौथाई सांगितली. तीही ऐकून आई म्हणाली, "इतक्यात तं न्हानीले फरशी बसली असती."

जोडकाम ओट्यावर चाललं. तुकडे आकडे घातलेल्या पिशव्यांतून येतात, एक पिशवी संपल्याशिवाय दुसरी फोडायची नाही. आईची पीठ मळायची परात तुकड्यांनी भरली, फराळाच्या डब्यांची झाकणं रंगवार मांडली गेली. परातीत तुकडे ओतल्याचा आवाज ऐकून गल्लीतली पोरं आली ती उठेनात. पुस्तिकेत जोडणी सांगायला शब्द नाहीत, नुसती चित्रं. त्यामुळे मराठी शाळेतलं पोर आणि इंग्रजी शाळेतलं पोर यांच्यात फरक उरला नाही. पुतण्या मागायचा, पोरं शोधून द्यायची. दोन बटणांची पांढरी. चार बटणांची चपटी. कमानीची अर्धी. तिन्हीसांजेपर्यंत त्यांची बोटं न बघता तुकडा ओळखू लागली. केळीच्या बागेत घड कापणाऱ्यांच्या हाताला फणी लागताक्षणी प्रतवारी कळते, तसली ही जाण सांगून येत नाही.

विटेच्या वर गोल बटणं, खाली पोकळी आणि पोकळीत नळ्या. बटण आणि नळी एकमेकांना जेवढं घट्ट धरतात तेवढंच सगळं गुपित. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीनं १९५८ साली या जोडणीचं पेटंट घेतलं, आणि त्या वर्षाची वीट आजच्या विटेवर अजून बसते. माप हललेलं नाही. पुतण्या हे सांगत होता तेव्हा शेजारचे मिस्तरी ओट्याच्या पायरीवर बसले होते. उमर सुतारकामात गेलेली, आता हात थरथरतो म्हणून फक्त सल्ला देतात. १९३२ साली ज्यानं ही कंपनी सुरू केली तो ओले किर्क क्रिस्तियानसेन मूळचा सुतार, आधी लाकडाचीच खेळणी करायचा, हे कळलं तसे ते सावरून बसले. "मंग बरोबर हाये," म्हणाले, "सुताराबिगर माप कोन सांभायीन?"

खेळण्याचं परीक्षण कसं करतात ते मला पुतण्यानं आधीच सांगितलं होतं. किती तुकडे, किती वेळ, पैशाच्या मानानं किती माल, नवे रंग कोणते, माणसं किती. मिस्तरींनी यातलं काहीच विचारलं नाही. खिडक्यांची नक्षी, दारावरची कमान, फरशीची रांगोळी यांच्यावरून त्यांची नजर न थांबता गेली आणि कोपऱ्यावर जाऊन बसली. खालची पाटी चौकोनी, प्रत्येक बाजूला ३२ बटणं. विटा चौकोनी, बटणं सरळ ओळीत. आणि इमारतीची एक बाजू मात्र तिरकी धावते, आतल्या खोल्या त्रिकोणी पडतात. "कोपऱ्याले काटकोन नाही ना बापा," असं म्हणत त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. गुण्या जवळ असता तर लावून पाहिला असता. गावात रस्ता वाकडा येतो तिथं घर असंच कापून बसवावं लागतं, आणि बांधणाऱ्याचं कसब त्या एका कोपऱ्यात उघडं पडतं. भिंत तिरकी असून सांधा कुठं हललेला नाही हे बोटांनी पटल्यावर त्यांनी निकाल दिला, "शिकेल मानूस हाये."

मग पुतण्यानं छप्पर उचलून बाजूला ठेवलं, त्याखालचा मजला उचलला, आणि हॉटेल थरांनी उघडं झालं. खाली स्वागताची जागा आणि शेजारी चित्रांचं दालन, वर पाहुण्यांच्या खोल्या, सगळ्यांत वर श्रीमंताचं दालन, चित्रांच्या दालनाच्या गच्चीवर मद्याचा ठेला, तिथं चढणारा बाहेरचा वळणाचा जिना. रस्त्यावर कॉफीची गाडी. पोरांनी एकदम डोकी घातली.

वरून घरात डोकावायचं सुख माझ्या पिढीच्या खानदेशी माणसाला नवं नाही. आमची जुनी घरं धाब्याची. सपाट छप्पर, त्यावर मातीचा जाड थर, आणि मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक. उन्हाळ्याच्या रात्री सगळं गाव धाब्यावर झोपायचं; दिवसा तिथं कुरडया, पापड, मिरच्या. दुपारी राखणीला बसवलेलं पोर कंटाळलं की त्या भोकाशी पालथं पडून खाली बघायचं. खाली आजी घरोट्यावर दळत असायची. वरून तिचा चेहरा दिसायचा नाही, नुसती मांग, खुंट्यावरचे हात आणि पांढरं होत जाणारं पीठ. रोज बघितलेली आजी तेवढ्यापुरती परकी व्हायची. कुणाची तरी आजी, कुठल्या तरी घरात दळतेय, असं वाटायचं. लेगोच्या मेजामागं उभा असलेला तो बोटाच्या पेराएवढा हॉटेलवाला वरून बघताना मला तोच परकेपणा पुन्हा भेटला. छप्पर काढलेल्या घरात माणूस काहीही करत असला तरी तो निरागस दिसतो.

गल्लीतली धाबी एकमेकांना लागून असत. एका घराची भिंत ती शेजारच्याचीही भिंत. पाय खाली न टेकवता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता यायचं. मध्ये कुणाची मिरची तुडवली तर खालून शिवी यायची, पण शिवी देणाऱ्यालाही कोण ते नेमकं कळत नसे. लेगोवाल्यांनी २००७ पासून अशाच शेजारधर्माच्या इमारती काढल्यात. त्या मालिकेतल्या बहुतेक इमारती तशाच ३२ बटणांच्या पाटीवर उभ्या, आणि दोन्ही बाजूंना खुंट्यांची सोय. एकाला एक लावत गेलं की रस्ता तयार होतो. हे बुटीक हॉटेल त्या मालिकेला पंधरा वर्षं झाली म्हणून काढलेलं. मालिकेतल्या पहिल्या इमारतीतही खाली कॅफे आणि वर हॉटेल होतं. बाहेर हॉटेलची पाटी झळकत होती, पण वरच्या मजल्यांवर सामान असं नव्हतंच, खोल्या रिकाम्या. पंधरा वर्षांनी पलंग आले, चित्रं आली. घर उभं राहिल्यावर सामान हळूहळू येतं, हे काही आम्हाला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडे घर खणांवर मोजत. दोन खांबांच्या मधलं अंतर म्हणजे एक खण. कुणाचं घर किती मोठं हे चौरस फुटांत कुणी सांगत नसे. तीन खणांचं, पाच खणांचं, असं म्हटलं की सोयरिकीला आलेल्या माणसाला पुरेसं कळायचं. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर कोरीव हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, वर माती. तुळईचं कुसू खांबाच्या खाचेत बसायचं आणि लाकडी मेख ठोकली की सांधा पक्का. लोखंडाचा खिळा जिथं टाळता येईल तिथं टाळायचा, कारण खिळा काढताना लाकूड फाटतं. म्हणजे बांधणाऱ्याच्या डोक्यात काढणारा आधीपासून उभा होता. भिंती मातीच्या, त्या पडल्या तरी लाकडाचा सांगाडा उभा राहायचा आणि सांगाडा उतरवला तरी लाकूड शाबूत राहायचं.

घर उकलणं हे तेव्हा पाडण्याहून निराळं काम होतं. भाऊ वेगळे झाले, कुणी शेतात राहायला गेलं, कुणाला दुसऱ्या गल्लीत मोठी जागा मिळाली, की घर उकललं जायचं. मिस्तरी प्रत्येक लाकडावर गेरूची खूण करत, कोणती तुळई कोणत्या खांबावर ते त्या खुणेवरून कळायचं. आधी धाब्याची माती खाली यायची. तीही फेकत नसत, नव्या घराच्या भिंतीत जायची. मग फळ्या, कड्या, तुळया, शेवटी खांब. बैलगाडीवर घर चढायचं आणि दुसरीकडे पुन्हा उभं राहायचं. एका सागाच्या खांबानं तीन-तीन ठिकाणी लग्नं बघितली, असं आमच्याकडे सहज ऐकायला मिळे.

आमचं घर वडिलांनी उकललं ते मात्र पुन्हा उभं करण्यासाठी नव्हे. स्लॅबचं घर बांधायचं ठरलं होतं. खुणा करायची गरज नव्हती, तरी मिस्तरींनी सवयीनं केल्या. मोठी तुळई आता मळ्यातल्या गोठ्यावर आहे, तिच्यावरचा गेरू अजून पुसटसा दिसतो. कड्या जळणात गेल्या. कोरीव हस्तांचे दोन खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेले. असे खांब पुण्या-मुंबईकडे चांगल्या भावानं जातात, पॉलिश करून बड्या हॉटेलांच्या दर्शनी दालनात उभे करतात, हे पुढं कळलं. तेव्हापासून कुठल्याही झगमगीत हॉटेलात शिरताना माझी नजर आधी खांबांकडे जाते. आमच्या खांबाला कमरेच्या उंचीवर बैलाची शिंगं घासून पडलेली एक खोबण होती. ती कुठल्या पाहुण्याच्या हाताला लागत असेल, आणि तो हात क्षणभर थांबत असेल का, हे मला कधीच कळणार नाही.

हे सगळं मी ओट्यावर जरा भरल्या गळ्यानं सांगत होतो, तोच आईनं मला जमिनीवर आणलं. "धाब्यावर माती टाकता टाकता हात मोडले माहे," ती म्हणाली. दर जेठात नवी माती, दर पावसात कुठंतरी गळती, रात्री भांडी घेऊन थेंबाखाली धावाधाव. वरून विंचू पडायचे. स्लॅब पडला त्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा रात्रभर झोपली. तिचं बरोबर आहे. घर उकलता यावं असं वाटायला आधी त्या घरात तुम्हाला उंबऱ्याबाहेर निघायची मुभा असावी लागते. जिनं रोज सारवलं, तिला घर पक्कंच हवं होतं.

तिचं परीक्षणही मिस्तरींपेक्षा निराळं निघालं. सगळे मजले नीट बघून तिनं विचारलं, "आन् चूल कुठी हाये याची?" पुतण्यानं कॉफीची गाडी दाखवली, गच्चीवरचा ठेला दाखवला. "ते झालं. लोक जेवतीन काय मंग?" खरंच, रांधायची जागा काही दिसत नव्हती. चित्रांना दालन आहे, पेल्यांना गच्ची आहे, पिठाला जागा नाही. आईच्या लेखी तिथंच त्या हॉटेलाचा निकाल लागला. तिला हॉटेल माहीत आहे ते फाट्यावरचं. दर्शनी भागातच भट्टी, कढईतून निघणारी भजी, शेव-भाजीची तर्री आणि गल्ल्यावर बसलेला, गावातल्या प्रत्येकाची उधारी पाठ असलेला मालक. तिथं काय शिजतंय ते रस्त्यावरूनच दिसतं. दिसलं नाही तर गिऱ्हाईक आत येणार नाही. शहरातल्या हॉटेलाचा थाट नेमका उलटा. आत जितकं महाग, तितका धूर लांब.

त्या संध्याकाळी भरीत होतं. थंडी पडू लागली की असोदा-भादलीच्या बाजूची हिरवी, भली थोरली वांगी बाजारात येतात. भरतासाठी त्यांची वाट बघणारे लोक लांबलांब आहेत, आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला. वांगी भाजून, सोलून, लाकडी बडगीत घातली आणि दांड्यानं ठेचायला पोरं लागली. कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. कळण्याची भाकरी. या स्वयंपाकाला घर लागत नाही, भिंत लागत नाही. जाळ विझला की उरते ती राख, तीही दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं जाते. पुतण्या बोटं चाटत म्हणाला, या चवीचं हॉटेल काढलं तर पुण्यात चालेल. मिस्तरी म्हणाले, "चालीन. पन जाय कुठी करशीन?"

जेवण झाल्यावर पुतण्याला मी एका जुन्या पेटीची गोष्ट सांगितली. तिच्यातलं हॉटेल खरं होतं आणि मुंबईत अजून उभं आहे. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे मूळचं वॉटसन्स हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ते आखलं. ओतीव लोखंडाचे खांब, तुळया, सज्ज्यांचे भाग इंग्लंडात तयार झाले, जहाजात भरून मुंबईला आले आणि १८६० च्या दशकात जागेवर जोडले गेले. लेगो जोडणारा करतो ते काम तिथं बंदरावरच्या हमालांनी आणि कारागिरांनी केलं. भाग ओळखायचे, क्रमानं लावायचे, एकात एक बसवायचे. पाच मजली लोखंडी सांगाडा, भोवती सज्जे. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. त्याच वर्षी मार्क ट्वेन मुंबईत आला तेव्हा इथंच उतरला, आणि त्यानं प्रवासवर्णनात लिहिताना मुंबईच्या कावळ्यांना भरपूर जागा दिली. सज्ज्यावर बसून पाहुण्याची निर्लज्जपणे टेहळणी करणारे ते कावळे या हॉटेलाचे बहुधा सगळ्यांत प्रामाणिक परीक्षक.

पुढं हॉटेल बंद पडलं. मोठ्या खोल्यांना फळ्यांच्या भिंती घालून लहान खोल्या झाल्या, त्यात वकिलांची कार्यालयं आली, बिऱ्हाडं आली. २००५ मध्ये सज्ज्याचा काही भाग कोसळला. २००६ साठी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंची जी यादी केली, तिच्यात या इमारतीचं नाव आलं. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं राहणाऱ्यांना बाहेर काढलं. पाडावी की दुरुस्त करावी, यावर वाद झाला. मी तिथून गेलो की मला सारखं वाटतं, ही इमारत तर सुट्या भागांतून आलेली. जोडलेली आहे म्हणजे सोडवता यायला हवी. गंजलेला खांब काढून नवा ओतून बसवता यायला हवा. पण दीडशे वर्षांत तिच्यात इतक्या जणांनी इतकी ठिगळं लावली की मूळचा सांधा कुठला आणि नंतरची खटपट कुठली, हे सांगणारी पुस्तिकाच हरवल्यासारखी झाली. आणि नारिंगी हत्यार इंग्लंडातून कुणी पाठवलं नव्हतं.

त्यानंतरचं मुंबईचं थोर हॉटेल म्हणजे ताज. १९०३ च्या डिसेंबरात उघडलेलं. त्याचे सुरुवातीचे शिल्पकार रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा; पुढं ते काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. ताजबद्दल एक आख्यायिका हमखास ऐकू येते, की नकाशा उलटा धरला गेला आणि इमारत पाठमोरी उभी राहिली. ते खरं नाही. पण लोकांना ती सांगावीशी वाटते, याचं मला नवल वाटत नाही. नकाशा काढणारा एक आणि वीट ठेवणारा दुसरा असला की मधल्या वाटेवर काहीतरी उलटं होऊ शकतं, ही धास्ती बांधकाम काढलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आपल्या नळाचा पाइप भलत्याच भिंतीतून निघालेला पाहिलेल्या माणसाला ताजची आख्यायिका अगदी घरची वाटते.

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन विहिरीवर गेलो. बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकत होते, पावसाळ्यातले, आता रिकामे. असोद्याच्या पोराला सुगरण दाखवायची म्हणजे कवयित्री बहिणाबाईंचं नाव निघणारच. २४ ऑगस्ट १८८० ला त्या इथं जन्मल्या आणि सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता शाळेत सगळ्यांना पाठ असते. मी पोरांना तिच्या पलीकडची एक गोष्ट सांगितली. विणकाम करतो तो नर. गवताच्या, उसाच्या पानांच्या चिरफळ्या काढून तो खोपा अर्ध्यावर आणतो आणि थांबतो. मग मादी येते, आत शिरते, ओढून बघते, लटकून बघते. पसंत पडलं तर तो पुढचं विणतो, लांब नळी काढतो. नाही पडलं तर तो खोपा तसाच सोडून दुसरीकडे पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात. बाभळीवर पुरे खोपे होते तसे अर्धेही होते. पोरांनी अर्धे मोजायला घेतले आणि प्रत्येकाला काय कमी पडलं असेल याचे अंदाज बांधले. एक पोरगी म्हणाली, "चूल नसंन." आईचं परीक्षण गल्लीभर पसरलं होतं.

खोपा उकलता येत नाही. गवत वाळलं की गाठ आवळते, ओढलं तर तुटते. पाखराला त्याची फिकीर नाही, पुढच्या मिरगाला नवं गवत असतं. सिमेंटचंही तसंच, एकदा धरलं की फोडावंच लागतं. फरक इतकाच की खोपा फोडावा लागत नाही, तो आपोआप मातीत जातो. गावात परवा एक जुना स्लॅब पाडत होते. हातोड्याचे ठोके दिवसभर. संध्याकाळी रस्त्याकडेला वाकड्या, गंजक्या सळयांचा ढीग आणि राबीट. सळया भंगारात गेल्या. राबीट खड्ड्यात भरायला गेलं. त्या घरातून दुसऱ्या घरात जाण्याजोगं एक दार तेवढं निघालं, ते मिस्तरींनी उन्हात उभं राहून बारकाईनं बघितलं. साग होता.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री हॉटेलाचे शेवटचे तुकडेही लागले. परातीत काही बारके तुकडे उरले, ते उरतातच. लहान तुकडे हरवतील म्हणून कंपनी एखाददुसरा जास्त घालते. पूर्ण झाल्यावर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. पोरं पांगली. जोपर्यंत काही लावायचं बाकी होतं तोपर्यंत ओट्यावर जागा नव्हती, आणि आता मजले उचलून दाखवायला पुतण्या तयार असताना बघायला कुणी नाही. हॉटेल कपाटावर गेलं. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून वहिनींनी आईचं जुनं मलमलचं पातळ टाकलं. पुतण्यानं कबूल केलं की पुण्यातही त्याची अशी दोन-तीन खोकी कपाटावर आहेत, जोडलेली, झाकलेली. उकलायची सोय असूनही तो ती उकलत नाही. इतके तास घातलेले, इतके पैसे घातलेले. त्याचं म्हणणं ऐकून मला वाटलं, नारिंगी हत्यार देणाऱ्यानं पकडीचं गणित बरोबर केलं, पण माणसाच्या जीव अडकण्याचं गणित त्याच्या हाती नव्हतं. आपण ज्याला हात लावतो ते पुन्हा सुटं व्हावं असं आपल्याला वाटत नाही. वडिलांनी स्लॅब टाकला तो याच जिवाला पक्कं करायला. आणि तरी सुटं होणं थांबलं कुठं? भाऊ मळ्यात, मी जळगावला, पुतण्या पुण्याला; पक्क्या घरात आता आई, वहिनी आणि दुपारच्या मालिका.

निघायच्या सकाळी पोरं पुन्हा आली, या वेळी मिस्तरींना पुढं घालून. त्यांची मागणी ठरलेली होती. याच तुकड्यांचं धाब्याचं घर करायचं. मिस्तरींनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून आणली होती, तीन खणांची. एका ओळीत चार खांब, वर तुळई, मध्ये उजेडाचं भोक. खांबाला तपकिरी तुकडे पुरतील का, माती कशाची दाखवायची, धाब्यावर मिरच्या लागतील तर लाल तुकडे किती आहेत, असा सगळा हिशोब त्यांनी मांडला. आईनं आत जाता जाता चुलीची जागा बोटानं दाखवून दिली. पुतण्यानं आकृती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाला, "पण त्यासाठी हॉटेल उकलावं लागेल." पोरांच्या मते त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मिस्तरी म्हणाले, "खुना करून देतो मी, पुन्हा हाटेल करशीन." तो अजून हो म्हणालेला नाही, पण आकृती त्यानं घडी करून पाकिटात ठेवली आहे.